क्लबची एक दिवसाची गोल्फ स्पर्धा आणि हँडिकॅपचा हिशेब: अटी कशा ठरवाव्यात?

वाळूजकर
मंडळी, नमस्कार. वाळूज, शेंद्रा आणि जालना भागातील आम्हा काही लघुउद्योजकांचा गोल्फ खेळणारा एक गट आहे आणि दिवाळीनंतर पुण्यातील एका मैदानावर एक दिवसाची स्पर्धा घ्यायचे आम्ही ठरवले आहे. मैदानाचे भाडे, जेवण, कॅडींचे (पिशवी वाहणाऱ्या मदतनीसांचे) पैसे आणि बक्षिसे यांचा मेळ बसला आहे. घोडे अडले आहे ते हँडिकॅपपाशी, म्हणजे खेळाडूच्या कुवतीप्रमाणे त्याच्या फटक्यांतून वजा होणाऱ्या सवलतीपाशी. खेळणाऱ्यांपैकी साधारण निम्म्यांकडे क्लबमार्फत मिळालेला अधिकृत हँडिकॅप इंडेक्स आहे, उरलेल्यांकडे तो नाही. काहींचे म्हणणे असे की जो कमीत कमी फटक्यांत अठरा होल पूर्ण करील तोच विजेता, बाकी सगळी मखलाशी आहे. इतरांचे म्हणणे असे की तसे केले तर निकाल आजच सांगता येईल आणि पंचवीस जणांनी पुण्यापर्यंत जायचे कारणच उरत नाही.

माझे स्वतःचे मत असे आहे की हँडिकॅप असावाच, मात्र तो समजून-उमजून लावावा. नोंदणीच्या वेळी ज्याने जो आकडा सांगितला तो लिहून घेतला, असे होऊ नये. इंडेक्स नेमके काय सांगतो, त्यावरून त्या दिवसाचे फटके कसे काढायचे आणि ज्यांच्याकडे इंडेक्स नाही त्यांची सोय काय, यावर जाणकारांनी लिहावे.

खामकाठ
लष्करी सेवेत असताना हा खेळ शिकलो आणि क्लबच्या हँडिकॅप समितीवरही काम केले आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट म्हणजे इंडेक्स हा तुमच्या खेळाची सरासरी नव्हे. १८ होलच्या शेवटच्या २० फेऱ्यांपैकी सर्वांत चांगल्या ८ फेऱ्यांवरून तो काढला जातो. तुम्ही चांगल्या दिवशी काय करू शकता, हे तो सांगतो. ज्याचा इंडेक्स १८ आहे तो पार ७२ च्या, म्हणजे ठरलेले अपेक्षित फटके ७२ असलेल्या, मैदानावर दरवेळी ९० फटक्यांत फेरी संपवतो, असे समजणारे पुष्कळ आहेत; प्रत्यक्षात बहुतेक दिवशी त्याला त्याहून जास्त फटके लागतात आणि त्यात वावगे काही नाही.

दुसरी गोष्ट अशी की २०२० पूर्वी जगात सहा वेगवेगळ्या हँडिकॅप पद्धती होत्या. त्या वर्षापासून आर अँड ए आणि अमेरिकेची यूएसजीए या गोल्फचे नियम ठरवणाऱ्या दोन संस्थांनी मिळून जागतिक हँडिकॅप पद्धत लागू केली आणि आपल्याकडे इंडियन गोल्फ युनियनच्या छत्राखाली तीच चालते. इंडेक्सची कमाल मर्यादा स्त्री-पुरुष सर्वांसाठी ५४ आहे. त्यामुळे ‘मी नवखा आहे, मला कोण इंडेक्स देणार’ ही सबब आता चालत नाही.

नांदेडचा_नारायण
म्हणजे लहानपणी लपंडावात धाकट्या भावाला कच्चा लिंबू करून घ्यायचो, त्यातलाच हा प्रकार म्हणायचा.

पूर्णाकाठ
नारायणराव, उपमा गोड आहे, पण पुरती लागू पडत नाही. कच्च्या लिंबावर राज्य येत नाही, म्हणजे तो खेळात असूनही हिशेबात नसतो. येथे मात्र प्रत्येक जण पूर्णपणे हिशेबात असतो. मी परभणीत गणित शिकवतो आणि गोल्फ कधी खेळलेलो नाही, पण खामकाठांचा प्रतिसाद वाचून या पद्धतीची सूत्रे मुद्दाम मिळवून वाचली. ती मला फार आवडली, म्हणून एक काल्पनिक उदाहरण सोडवून दाखवतो.

प्रत्येक मैदानाला दोन आकडे दिलेले असतात. कोर्स रेटिंग म्हणजे निष्णात खेळाडूला, ज्याचा हँडिकॅप शून्य आहे त्याला, तेथे अपेक्षित असलेले फटके. स्लोप रेटिंग म्हणजे सामान्य खेळाडूला ते मैदान निष्णाताच्या तुलनेत किती अधिक जड जाते त्याचे माप. ते ५५ ते १५५ यांच्या दरम्यान असते आणि ११३ हा आकडा प्रमाण मानलेला आहे. समजा मैदानाचा पार ७२, कोर्स रेटिंग ७१.२ आणि स्लोप १२५ आहे. तुमचा इंडेक्स १८.४ असेल तर त्याला १२५ ने गुणून ११३ ने भागायचे, म्हणजे २०.३५ येतात, त्यात रेटिंग आणि पार यांतील फरक, म्हणजे उणे ०.८, मिळवला की १९.५५ उरतात. हा झाला तुमचा त्या मैदानावरचा कोर्स हँडिकॅप, पूर्णांकात २०. वैयक्तिक स्ट्रोक प्ले (एकूण फटके मोजण्याचा प्रकार) किंवा स्टेबलफोर्ड (होलवार गुणांचा प्रकार) स्पर्धेत सहसा याचे ९५ टक्के घेतात; १९.५५ चे ९५ टक्के म्हणजे १८.५७, म्हणून स्पर्धेपुरते १९ फटके.

उलट दिशेने पाहू. त्याच मैदानावर तुमचे हिशेबाला धरण्याजोगे ९५ फटके झाले, तर त्यातून ७१.२ वजा करायचे आणि उरलेल्या २३.८ ला ११३ ने गुणून १२५ ने भागायचे. येतात २१.५. असे २० आकडे गोळा झाले की त्यांतील सर्वांत लहान आठांची सरासरी म्हणजे तुमचा इंडेक्स. हवामानामुळे त्या दिवशी सगळ्यांचाच खेळ बिघडला किंवा खुलला असेल, तर त्याचीही एक दुरुस्ती वजाबाकीत येते. ती उणे १ ते अधिक ३ एवढीच असू शकते.

एकच शंका राहते. एखाद्याने एकाच होलवर १४ फटके घेतले, तर त्याचा सगळा हिशेब कोलमडत नाही का?

खामकाठ
सर, तुमची मांडणी इतकी स्वच्छ आहे की आमच्या समितीला ती छापून वाटता आली असती.

तुमच्या शंकेचे उत्तर ‘हिशेबाला धरण्याजोगे’ या तुमच्याच शब्दांत आहे. हँडिकॅपसाठी प्रत्येक होलवर कमाल मर्यादा असते: त्या होलचा पार, अधिक दोन, अधिक त्या होलवर तुम्हाला मिळणारे फटके. याला नेट डबल बोगी म्हणतात. कोर्स हँडिकॅप २० असेल तर प्रत्येक होलवर एक फटका मिळतो आणि उरलेले दोन सर्वांत अवघड ठरवलेल्या दोन होलवर जातात. पार ४ च्या सर्वांत अवघड होलवर त्याचे ४ अधिक २ अधिक २, म्हणजे जास्तीत जास्त ८ धरले जातील, मग प्रत्यक्षात १४ का होईनात.

जालन्याचा_लोखंडवाला
गणित बरोबर असेल, पण माणसाचे काय? एका स्पर्धेत मी तेरा हँडिकॅपचा आणि माझ्या गटातील एक गृहस्थ चोवीसचे. त्या दिवशी त्यांचा चेंडू माझ्या चेंडूच्या पुढेच पडत होता, बंकरमधून ते एका फटक्यात बाहेर येत होते आणि हिरवळीच्या कडेवरून दोन फटक्यांत होलमध्ये. स्टेबलफोर्डचे ४६ गुण करून त्यांनी चषक उचलला आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. ज्या पद्धतीत चांगला खेळणाऱ्याने हरायचे आणि आकडा फुगवून ठेवणाऱ्याने चषक न्यायचा, तिच्यावर माझा विश्वास नाही. वाळूजकर, आपल्या स्पर्धेत फक्त ग्रॉस, म्हणजे हँडिकॅप वजा न केलेले फटके, ठेवा.

लातूरकर_अनु
लोखंडवाला, तुमचा राग समजू शकते, पण औषध चुकीचे सुचवता आहात. फक्त ग्रॉस ठेवले तर माझ्यासारखीने, म्हणजे इंडेक्स ३१ असणारीने, केवळ वर्गणी भरायला यायचे का? मी हैदराबादला जाऊन खेळते, माझे प्रत्येक कार्ड, म्हणजे फेरीतील फटक्यांची नोंद, जमा करते, त्यात वाईट दिवसांची कार्डे असतात आणि क्वचित आलेल्या सोन्यासारख्या दिवसांचीही. ज्याने चांगल्या दिवसांची कार्डे खिशात ठेवली, दोष त्याचा आणि त्याला विचारणा न करणाऱ्या समितीचा आहे.

स्टेबलफोर्ड म्हणजे काय, हे नव्या वाचकांसाठी सांगते. इंग्लंडमधील वॉलसी क्लबचे डॉ. फ्रँक स्टेबलफोर्ड यांची ही गुणपद्धत १९३२ साली तेथे पहिल्यांदा स्पर्धेत वापरली गेली. तुमचे मिळालेले फटके वजा करून होल पारमध्ये झाला तर २ गुण, एक फटका जास्त लागला तर १, एक कमी लागला तर ३, आणि दोन किंवा अधिक जास्त लागले तर शून्य. मग चेंडू उचलून पुढच्या टीकडे, म्हणजे होलचा पहिला फटका मारायच्या जागेकडे, निघायचे. एखादा होल साफ बिघडला तरी पुढच्या होलवर पाटी कोरी असते, त्यामुळे नवख्या माणसाचा हुरूप टिकतो आणि खेळही रेंगाळत नाही.

अठरा होलांचे प्रत्येकी दोन, असे ३६ गुण म्हणजे माणूस आपल्या हँडिकॅपला बरोबर जागला. खामकाठांनी सांगितल्याप्रमाणे इंडेक्स चांगल्या फेऱ्यांवरून काढलेला असल्याने बहुतेकांचे बहुतेक दिवशी ३६ होत नाहीत. ४० गुणांच्या पुढे गेलेला माणूस त्या दिवशी खरोखर बहरलेला असतो. ४६ गुण पाहून समितीने त्या गृहस्थांची मागील कार्डे त्याच संध्याकाळी काढायला हवी होती.

खामकाठ
अनुताईंच्या शब्दाशी सहमत. पद्धतीत यासाठी तरतुदीही आहेत. एखादी फेरी इंडेक्सपेक्षा ७ ते ९.९ ने सरस झाली तर इंडेक्समधून १ आपोआप वजा होतो आणि १० किंवा अधिकने सरस झाली तर २. दुसऱ्या बाजूने, गेल्या वर्षभरातील नीचांकापेक्षा इंडेक्स ३ ने वाढला की पुढची वाढ निम्मीच धरली जाते आणि ५ च्या वर तो जाऊच शकत नाही. शिवाय समितीला स्वतःच्या अधिकारात इंडेक्स बदलता येतो. मात्र हे सगळे जमा झालेल्या कार्डांवर चालते. कार्ड आलेच नाही तर यंत्रणा आंधळी असते.

दौलताबाद_वेस
मी तरुणपणी पुण्यात अनेक वर्षे कॅडीचे काम केले, आता संभाजीनगरला स्थायिक आहे. खेळाडू आकड्यात काय लपवतो ते समितीला उशिरा कळते, कॅडीला तिसऱ्या होलपर्यंत कळते. म्हणून काही व्यवहाराच्या गोष्टी सांगतो.

फेरी सुरू होण्याआधी कार्डावर ज्या ज्या होलवर फटका मिळतो, त्या चौकोनाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने ठिपका द्यायचा. दोन मिळत असतील तर दोन ठिपके. होल किती अवघड, याचा १ ते १८ असा क्रम कार्डावरच छापलेला असतो. १९ फटक्यांच्या माणसाला सगळीकडे एक आणि क्रमांक १ च्या होलवर दोन ठिपके येतात. हे काम आदल्या संध्याकाळी केले की मैदानावर वाद होत नाहीत.

दुसरे म्हणजे खेळाडूंनी आपापसांत कार्डे बदलायची आणि आपले आकडे दुसऱ्याने लिहायचे. फेरी संपल्यावर दोघांनी टेबलापाशी उभे राहून होलवार आकडे मोठ्याने वाचायचे, जुळले की दोन्ही सह्या. खेळाडूची जबाबदारी प्रत्येक होलचे फटके बरोबर असण्याची. बेरीज आणि हँडिकॅपची वजाबाकी समितीने करायची. एखाद्या होलवर खऱ्यापेक्षा कमी आकडा लिहून सही केली तर खेळाडू बाद होतो, जास्त लिहिला तर तो जास्तीचाच कायम राहतो.

तिसरे म्हणजे हातभर अंतरावरचा चेंडू ‘झाला, उचला’ म्हणून सोडायची सवय स्पर्धेत बंद ठेवा. मॅच प्लेमध्ये, म्हणजे होलवार हार-जीत ठरणाऱ्या खेळात, प्रतिस्पर्ध्याला तो अधिकार आहे. स्ट्रोक प्लेमध्ये चेंडू होलमध्ये पडलाच पाहिजे, आणि स्टेबलफोर्डमध्ये गुण हवा असेल तर तेथेही. कित्येकांचा हँडिकॅप या सोडलेल्या चेंडूंमुळे कागदावर दिसतो त्यापेक्षा वेगळा असतो.

जालन्याचा_लोखंडवाला
वेसकर, हे मनापासून पटले. फक्त ग्रॉसचा हट्ट सोडतो, पण ग्रॉसचे एक स्वतंत्र बक्षीस तरी असावे.

मांजराखोरे
मला वेगळा मुद्दा मांडायचा आहे. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. त्या मराठवाड्यात गोल्फवर एवढी चर्चा व्हावी, हे पचत नाही. स्पर्धा पुण्याला आहे ते ठीक, पण उद्या आपल्याकडे मैदान हवे अशी मागणी येईल.

खामकाठ
मांजराखोरे, तुमची काळजी रास्त आहे आणि ती कुणी हसण्यावारी नेऊ नये. मात्र गोल्फ म्हणजे अपरिहार्यपणे हिरवागार गालिचा, असे नाही. कोरड्या मुलखात होलभोवती हिरवळीऐवजी तेल मिसळलेल्या वाळूची ‘ब्राउन्स’ असतात आणि आमच्यापैकी अनेक जण त्यांवरच शिकले. चेंडू मारण्याआधी होलपर्यंतचा पट्टा ओढायच्या फळीने सपाट करायचा, मग पट करायचा, म्हणजे चेंडू हलकेच होलकडे ढकलायचा. तेथे पाणी जवळजवळ लागत नाही. या धाग्यापुरता संबंध एवढाच की मैदान कसलेही असो, त्याचे रेटिंग झालेले असेल तरच तेथील कार्ड हँडिकॅपसाठी धरता येते. रेटिंग नसलेल्या मैदानावर आनंदाने खेळता येते, इंडेक्स मिळवता येत नाही.

मांजराखोरे
वाळूच्या मैदानांची माहिती नवी होती. तसे असेल तर माझा विरोध नाही.

वाळूजकर
सर्वांचे आभार. आता मूळ प्रश्नातील उरलेला भाग: ज्यांच्याकडे इंडेक्स नाही त्यांचे काय करावे? एका सभासदाने ‘डबल पिओरिया’ सुचवले आहे. आयोजक १२ होल गुप्तपणे निवडतात, त्या होलवरच्या फटक्यांची दीडपट करून ७२ वजा करतात आणि बाकीच्या ८० टक्के हँडिकॅप देतात. ते न्याय्य आहे का?

पूर्णाकाठ
मी नुसते आकडे मांडतो, निर्णय तुम्ही घ्या. दोन खेळाडूंनी प्रत्येकी ११० फटके घेतले. पहिल्याचे गुप्त १२ होलवर ८० झाले. दीडपट १२०, त्यातून ७२ गेले की ४८, त्याचे ८० टक्के ३८.४. दुसऱ्याचे त्याच होलवर ७० झाले. दीडपट १०५, बाकी ३३, त्याचे ८० टक्के २६.४. दोघांचा खेळ फटक्यांच्या हिशेबात अगदी सारखा, तरी एकाला दुसऱ्यापेक्षा १२ फटके अधिक मिळाले, आणि ते केवळ त्याचे वाईट होल चिठ्ठीत निघाले म्हणून. होलवार कमाल मर्यादा घातली तर हा फरक आटोक्यात राहील, पण मुळातला दोष जाणार नाही.

नांदेडचा_नारायण
सर, तुम्ही मैदानावर आलात तर समितीची झोप उडेल!

लातूरकर_अनु
पिओरिया गमतीपुरती ठीक आहे, मुख्य चषक तिच्यावर नको. त्यापेक्षा दोन गोष्टी करता येतील. दिवाळीला अवकाश आहे, म्हणून ज्यांना शक्य आहे त्यांनी मान्यताप्राप्त क्लबमार्फत आताच इंडेक्स काढून घ्यावा. त्यासाठी एकूण ५४ होलांची कार्डे पुरतात, म्हणजे १८ होलांच्या तीन फेऱ्या किंवा ९ होलांच्या सहा, नाहीतर दोन्ही मिळून. पहिल्या तीन आकड्यांतील सर्वांत चांगला घेऊन त्यातून आणखी २ वजा करतात, त्यामुळे नवख्याला फुगीर इंडेक्स मिळत नाही.

ज्यांना तेही जमणार नाही त्यांना चौघांच्या स्क्रॅम्बलमध्ये घ्या. चौघांनी टीवरून मारायचे, सर्वांत चांगला पडलेला चेंडू निवडायचा, तेथूनच पुन्हा चौघांनी मारायचे. संघाचा हँडिकॅप काढताना चौघांच्या कोर्स हँडिकॅपचे, लहानाकडून मोठ्याकडे, २५, २०, १५ आणि १० टक्के घेतात. ८, १६, २४ आणि ४० असे चौघे असतील तर २, ३.२, ३.६ आणि ४ मिळून १२.८, म्हणजे १३. इंडेक्स नसलेल्याला समितीने विचारपूर्वक आकडा ठरवून द्यावा. त्याचा आकडा चौघांत सर्वांत मोठा असेल तर वाटा दहाच टक्के असल्याने अंदाज थोडा इकडेतिकडे झाला तरी निकाल उलटत नाही. प्रत्येकाच्या टीवरच्या किमान काही फटक्यांचा उपयोग संघाने केलाच पाहिजे, अशी अट मात्र घाला. तसे नसेल तर तरबेज गडी एकटाच खेळतो आणि उरलेले तिघे त्याच्यामागे फिरत बसतात.

आणि एक विनंती, जी करताना मी आग्रही आहे. स्त्रियांना ‘बायका आहेत, पाच फटके जास्त द्या’ अशी सौजन्याची खिरापत वाटू नका. प्रत्येक टीचे रेटिंग स्त्रियांसाठी आणि पुरुषांसाठी वेगवेगळे असते आणि पूर्णाकाठ सरांच्या सूत्रात तो फरक आधीच आलेला आहे. आम्ही जिंकलो तर त्या चषकावर कुणाच्या मेहेरबानीची सावली नको.

खामकाठ
अनुताईंचा प्रस्ताव मी जसाच्या तसा उचलून धरतो. एवढेच ध्यानात ठेवा की स्क्रॅम्बलची कार्डे हँडिकॅपसाठी धरली जात नाहीत. स्टेबलफोर्डची धरली जातात आणि ती त्याच दिवशी नोंदवावीत, विजेत्याची सर्वांत आधी.

वाळूजकर
आमच्या समितीची काल बैठक झाली आणि या धाग्यातील प्रतिसाद तेथे वाचून दाखवले. पुढीलप्रमाणे ठरले आहे. ज्यांच्याकडे अधिकृत इंडेक्स आहे ते वैयक्तिक स्टेबलफोर्ड खेळतील, हँडिकॅप ९५ टक्के, आणि मुख्य चषक त्यांच्यात राहील. याच गटात ग्रॉसचे एक स्वतंत्र बक्षीस असेल. इंडेक्स नोंदणीच्या तोंडी आकड्यावरून नव्हे, तर स्पर्धेच्या आदल्या दिवशीच्या अधिकृत नोंदीवरून घेतला जाईल. इतरांसाठी स्क्रॅम्बल, प्रत्येक संघात इंडेक्स असलेला किमान एक खेळाडू; अशा काही सभासदांनी वैयक्तिक चषकावर पाणी सोडून संघात खेळायची तयारी आपणहून दाखवली आहे. कुणालाही जादा फटके सौजन्य म्हणून मिळणार नाहीत. सर्व गट वेगवेगळ्या होलवरून एकाच वेळी सुरू होतील, म्हणजे दुपारच्या जेवणाला सगळे एकत्र येतील.

बरोबरी झाली तर काय, एवढेच ठरायचे आहे.

दौलताबाद_वेस
बरोबरी झाल्यास काउंटबॅक लावा: शेवटच्या ९ होलांचे गुण ज्याचे जास्त तो पुढे, तेही सारखे असतील तर शेवटचे ६, मग ३, मग अठरावा. तुमचे गट वेगवेगळ्या होलवरून सुरू होणार आहेत, म्हणून ‘शेवटचे ९’ म्हणजे १० ते १८ क्रमांकाचे होल, कुणी कोठूनही सुरुवात केलेली असो, असे अटींमध्ये स्पष्ट लिहा. हे लिहिलेले नसले की बक्षीस समारंभाच्या वेळी दोन पक्ष पडतात.

वाळूजकर
वेसकर, ही ओळ तुमच्याच शब्दांत अटींमध्ये घातली आहे. अटी उद्या छापायला जातील. टेबलापाशी कार्डे तपासायला त्या दिवशी आपण बसाल का? येण्याजाण्याची व्यवस्था आमच्याकडे.

दौलताबाद_वेस
बसेन. ठिपके द्यायला आदल्या संध्याकाळीच येतो.